बिगुलवाल्याला चावलं कोण?

"हे बघ, बाबा आधी खालची बाजू बघतात. तोंड नंतर," चिमणीने जिन्यात त्याला शेवटचं बजावलं.

"माणसांचं पण?"

"गप रे. सैनिकांचं सांगतेय. आणि एक लक्षात ठेव, बिगुलवाल्याचा विषय काढायचा नाही. मेलास तरी नाही."

"का पण?"

"कारण तो विषय निघाला की आमच्याकडे जेवणं थंड होतात."

चिमणी ही त्या घरातली एकुलती एक पोरगी. घरातल्या सगळ्यांपेक्षा उंच, दारातून जाताना मान वाकवणारी, पण लहानपणी पडलेलं नाव पडलं ते पडलं. आणि तिच्या मागोमाग छातीशी कापडी पिशवी धरून चढत होता तो बत्तीशी. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा, म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलेलं. आज तो तिच्या घरी लग्नाचं विचारायला चालला होता. रिकाम्या हाताने नाही, जुन्या प्लास्टिकच्या सैनिकांची अख्खी पिशवी घेऊन.

कारण चिमणीच्या बाबांना हाच एक नाद. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं, पण खरा जीव घरातल्या काचेच्या कपाटात. आत रांगेने बोटभर उंचीचे सैनिक. कोणी गुडघ्यावर, कोणी पोटावर, कोणी बंदूक रोखून वर्षानुवर्षं त्याच शत्रूची वाट बघतोय. वरच्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठे काका, रंगांचे दुकानदार. त्यांच्याकडेही तसंच कपाट, तसेच सैनिक. आणि दोन्ही कपाटांत मधोमध एकेक जागा मोकळी. तिथे बिगुलवाला हवा होता. तो लहानपणीच हरवला होता, आणि तो कोणाचा होता आणि कोणी लंपास केला यावरून दोघे भाऊ आजपर्यंत रोज भांडत होते. अगदी प्रेमाने, चहा पिता पिता.

बत्तीशीने जुन्या बाजारातून ती पिशवी घेतली तेव्हा विक्रेत्याने गाठ काही सोडू दिली नव्हती. "घ्यायची तर सगळी घ्या, निवडानिवड नाही." त्यामुळे आत नक्की कोण कोण आहे हे त्यालाही धड माहीत नव्हतं.

दार उघडलं ते आत्याने. आत्या म्हणजे बाबांची आणि काकांची धाकटी बहीण. साठी उलटून गेली तरी भाऊ तिला बेबीच म्हणायचे. तिची गाडी शिकवायची शाळा होती, गावातले निम्मे लोक तिच्याच ओरड्यावर गाडी शिकले होते. समोरचा काही चुकीचं बोलला की तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा, ब्रेक मारल्यासारखा. या घरात होकार बाबा द्यायचे, पण तो आधी आत्याकडून आणून.

"तू तो कवळीवाला?"

"हो. म्हणजे लॅबमध्ये आहे. साचे घेतो, दात बसवतो."

"माझ्याकडून तुला धंदा नाही मिळायचा." तिने डब्यातलं सगळ्यात कडक बिस्कीट उचलून कडाकडा खाल्लं. "सगळे माझे आहेत. एकालाही कीड लागलेली नाही. चिमणे, याला बसायला दे."

बाबा भिंग हातात घेऊनच बसले होते. बत्तीशीने पिशवी सोडली, एक सैनिक काढला, आणि चिमणीने सांगितल्याप्रमाणे उलटा करून पुढे केला. बाबांची भुवई वर गेली.

"उलटा का दिलात?"

"खाली सगळं कळतं ना. हा बघा, पायाखालच्या चकतीवर गोल ठसा आहे. साच्यातून ढकलून बाहेर काढताना पडतो तसा. आणि ही बाजूने जाणारी रेघ, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. किती बारीक आहे बघा. साचा नवा असतानाचा माल आहे हा. साचा झिजला की रेघ जाड होते. आमच्याकडे पण तसंच होतं, जुन्या साच्यातली कवळी टोचते."

बाबांनी सैनिक नाकाला लावला, मग नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, मग जिभेच्या टोकाने चाटून पाहिला.

"भाऊ, पाहुण्यांसमोर चाटू नकोस रे," आत्या म्हणाली.

"चवीवरून प्लास्टिक कळतं बेबी. बरोबर आहे यांचं." बाबांनी भिंग बत्तीशीपुढे धरलं. "घ्या. तुम्ही बघा पुढचा."

चिमणीने ओढणी तोंडात धरली. ते भिंग बाबा तिलासुद्धा देत नव्हते! मग काय, बत्तीशी सुटलाच. हा नकली, याचा चेहरा दुसऱ्या सैनिकावरून साचा घेऊन केलाय म्हणून नाक पुसट. हा खरा. याची बंदूक वाकलीय, गरम पाण्यात घातली की सरळ होईल. बाबा मान डोलावतायत, आत्याचा ब्रेकचा पाय कधीचा शांत. सगळं इतकं छान चाललं होतं की बत्तीशीने आनंदाच्या भरात पिशवी उलटी करून झटकली.

शेवटचा सैनिक टप्पकन बिस्किटांच्या बशीत पडला. लाल टोपी, फुगलेले गाल, तोंडाला बिगुल.

विषय बत्तीशीने काढला नव्हता. विषय स्वतःच पिशवीतून बाहेर पडला होता.

"टोपी," बाबा पुटपुटले. "ही टोपी आईच्या नेलपॉलिशने रंगवलीय. आणि बिगुल वर वाकलाय. आपल्या स्टोव्हजवळ राहिला होता तेव्हाचा..." मग ते उठले, दार उघडलं आणि जिन्यातून वर असे ओरडले की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "दादाऽऽ! सापडला!"

मोठे काका एका पायात चप्पल घालून धावत आले. बशीत बघितलं आणि डोळे पुसले.

"माझा बिगुलवाला!"

"तुझा? माझा आहे तो!"

"धाकट्या, लाज वाटू दे. डबा मी उघडला होता."

"डबा तू उघडलास, पण बिस्कीट उचललं मी, खाली हा होता!"

झालं सुरू. आता हे कळायला हवं की त्या काळी बिस्किटांच्या डब्यात एकेक सैनिक फुकट यायचा, आणि बिगुलवाला अख्ख्या गल्लीत एकालाच निघाला होता. भांडण नको म्हणून भावांनी आपापल्या सैनिकांना खुणा केल्या होत्या. पायाखालच्या चकतीवर ब्लेडने थोरल्याची एक खाच, धाकट्याच्या दोन. म्हणजे निकाल सोपा होता. फक्त उलटा करायचा.

बाबांनी श्वास रोखून उलटा केला.

खाच नव्हती. एकही नाही, दोनही नाहीत. जिथे खाच असायला हवी नेमकी तिथेच चकती चावून चावून चपटी केलेली!

"चावलास!" काका किंचाळले. "माझी खूण मिटवलीस!"

"मी चावलो? तुलाच पेन्सिली चावायची सवय होती!"

"पेन्सिल आणि बिगुलवाला एक झाला का?"

"तुला भूक लागली की काहीही एक व्हायचं!"

चिमणीने बत्तीशीकडे असं बघितलं की कर ना काहीतरी. आणि त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्याला तर हेच एक येतं. तो पटकन बोलून गेला, "दात कोणाचे आहेत ते सांगता येईल."

दोघे भाऊ एकदम त्याच्याकडे वळले. आत्याच्या हातातला कप बशीवर खडखडला.

"काय म्हणालात?" बाबा.

"म्हणजे... ठसा आहे ना. प्रत्येकाच्या दातांची ठेवण वेगळी असते. मेणावर तुमचा चावा घेतला की जुळवून बघता येतं."

"ठरलं!" काका म्हणाले. "ज्याने चावलं त्याने पुरावा नष्ट केला. म्हणजे चोर तोच. बिगुलवाला दुसऱ्याचा. धाकट्या, कबूल?"

"कबूल! आण मेण!"

"चहा थंड होतोय," आत्या म्हणाली. "खेळण्यावरून कसला एवढा तमाशा? भाऊ, चिमणीच्या लग्नाचं बघायचंय ना?"

"लग्न कुठे पळून जातंय?" बाबा म्हणाले.

मेण त्याच्या खांद्यावरच्या बॅगेत होतंच, गुलाबी पट्ट्या, कामाचं सामान तो कधी सोडत नव्हता. चिमणीने पातेल्यात पाणी गरम केलं, पट्ट्या मऊ झाल्या. आधी बाबा चावले. मग काकांची पाळी. काकांनी पट्टी हातात घेतली, थोडा विचार केला आणि कवळी काढून टेबलावर ठेवली.

"माझ्या वतीने हिला चावायला लावा. पण धाकट्या, हरकत घे. ही याच्याच लॅबमध्ये बनलीय. साक्षीदार फितूर आहे."

"अहो मोठे काका, कवळी त्यानंतरची आहे..."

"ते मला माहितेय. मी गंमत करतोय. पण मग माझे खरे दात कुठून आणायचे?"

"कचऱ्यात शोध!" बाबा म्हणाले आणि दोघेही हसायला लागले, आणि हसता हसता परत एकमेकांवर बोट रोखून बसले.

बत्तीशीने भिंग डोळ्याला लावलं, बिगुलवाला दिव्याखाली धरला आणि पहिल्यांदाच ते दात नीट पाहिले. आणि त्याच्या लक्षात आलं की आपण उगाच मेण वितळवलं. किती चिमुकले होते ते दात! मोठ्या माणसाचेच काय, मोठ्या मुलाचेही नव्हते. दुधाचे दात होते. दोन्ही बाजूंना बारीक ठसे आणि मधे मोकळी जागा. समोरचे वरचे दोन दात पडलेलं कुठलं तरी पोर.

"हा हरवला तेव्हा तुम्ही कितवीत होता?" त्याने विचारलं.

"मी सहावीत. दादा आठवीत. का?"

"तेव्हा तुमचे समोरचे दात...?"

"चांगले आलेले! हे एवढे मोठे. आई म्हणायची फावडी आहेत."

"मग तेव्हा घरात आणखी कोणी लहान..."

एवढंच तोंडातून निघालं आणि टेबलाखाली त्याच्या पायावर काहीतरी जोरात पडलं. पाय होता. उजवा. आत्याने ब्रेक मारला होता.

त्याने हळूच मान वर केली. आत्या त्याच्याकडेच बघत होती. आणि अख्ख्या दुपारभरात पहिल्यांदा गोड हसत होती.

"बिस्कीट घे ना बाळा. काहीच खाल्लं नाहीस."

आता करायचं काय? खरं सांगावं तर जिच्या होकारावर सगळं अडलंय तिलाच भर बैठकीत चोर ठरवायचं. खोटं सांगावं तर दोघांपैकी एका निर्दोष म्हाताऱ्याच्या गळ्यात चोरी, आणि त्यातला एक म्हणजे होणारा सासरा. चिमणी डोळ्यांनी विचारतेय काय झालं, काका कवळी परत बसवतायत, बाबा टेबलावर बोटं वाजवतायत.

"बोला की. कोणाचे दात?"

"उंदराचे," बत्तीशी म्हणाला.

"उंदराचे?"

"हो. उंदीरच. स्पष्ट दिसतंय."

बाबा मागे टेकले. काकाही टेकले. दोघांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की विचारू नका. म्हणजे तूही नाहीस आणि मीही नाही! काकांनी तर बाबांच्या पाठीवर थाप मारली. इथे तो गप्प बसला असता तर सगळं सुखाने मिटलं असतं. पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असं असतं की एकदा बोलला की त्याला वाटतं अजून थोडं बोललं पाहिजे, नाहीतर पटणार नाही.

"साधा उंदीर पण नाही वाटत," तो म्हणाला. "ठसे बघा ना, वाकडेतिकडे आहेत."

टेबलाखाली पाय किंचित दाबला गेला. त्याला वाटलं, आत्या शाबासकी देतेय.

"दात झिजलेले असणार त्याचे. म्हातारा असेल."

पाय आणखी दाबला.

"एखाददुसरा किडलेला पण असेल. घूस असणार ती. घाणेरडे दात असतात घुशीचे, गटारातलं खाऊन खाऊन अगदी काळे..."

"घूस?" आत्या ताडकन उभी राहिली. खुर्ची मागे पडली. "घूस कोणाला म्हणतोस रे? काळे? माझे दात काळे? अरे सहाव्या वर्षीसुद्धा मोत्यासारखे होते माझे दात! डॉक्टर आईला म्हणाला होता, असे दुधाचे दात मी पाहिले नाहीत म्हणून! नीट बघ भिंगातून, आहे का एक तरी वाकडा?"

"नाही," बत्तीशी कसाबसा म्हणाला. "एकही नाही. फार सुंदर ठेवण आहे."

"मग!"

आणि मग तिला कळलं आपण काय बोललो ते.

"बेबी?" बाबा म्हणाले.

"तू?" काका म्हणाले.

आत्याने खुर्ची उचलली, सरळ केली, बसली, पदर नीट केला. "हो. मीच. काय करणार होते मग? तुम्ही दोघं रोज लढाई खेळायचात. मी विचारलं मला घ्या, तर म्हणालात तू शत्रू हो. रोज मीच शत्रू! आणि शत्रूला एक सैनिक द्याल तर शपथ. कोपऱ्यात उभं राहून नुसतं मरायचं."

"म्हणून चोरलास?"

"पळवून आणला. माझ्या बाहुलीशी लग्न लावलं त्याचं. गालांवरून आवडला होता मला. बिचारा सासरी आला, मग त्याच्या पायावर तुमची खूण कशाला? चावून टाकली. समोरचे दोन पडलेले होते, किती त्रास झाला माहितेय?"

"आणि पन्नास वर्षं तूच आमची भांडणं सोडवत होतीस!" काका म्हणाले.

"सोडवायला मजा यायची."

"मग जुन्या बाजारात कसा गेला हा?"

"मागच्या महिन्यात माळा आवरला, त्यात बाहुलीची पेटी गेली वाटतं. मला काय माहीत हा पायाने नाही तर कवळीवाल्याच्या पिशवीतून परत येईल म्हणून."

दोघे भाऊ एकदम पुढे झुकले. भांडण विसरले, चोरी विसरले. एकच प्रश्न उरला होता आणि तो दोघांनी एकाच वेळी विचारला. "बेबी, खाचा किती होत्या?"

आत्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"आठवत नाही."

"असं कसं आठवत नाही? एक का दोन एवढंच तर सांगायचंय!"

"आठवलं तरी सांगणार नाही. सांगितलं तर उद्यापासून तुम्ही दोघं चहाला बोलाल कशावर? आणि हा तुमच्यापैकी कोणाचाच नाही. रीतसर लग्न लागलंय त्याचं. माझा जावई आहे तो." तिने बशीतून बिगुलवाला उचलला आणि पर्समध्ये टाकला.

बाबा आधी हसले का काका, ते नंतरही ठरलं नाही. पण जे हसायला लागले ते थांबेचनात. काकांची कवळी सटकली, चिमणीने झेलली. हसू जरा ओसरल्यावर बाबा डोळे पुसत बत्तीशीकडे वळले.

"म्हणजे तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"हो."

"मग उंदीर का म्हणालात?"

"आत्यांनी ब्रेक मारला."

"ब्रेक मारला तर थांबायचं असतं रे!" आत्या ओरडली. "मी दाबतेय, दाबतेय, आणि हा गाडी घुशीपर्यंत घेऊन गेला!" मग ती चिमणीकडे वळली. "चिमणे, याच्याशीच कर लग्न. याला खोटं बोलता येत नाही. आयुष्यभर पकडायला सोपा जाईल."

"धाकट्या, तुझं काय?" काकांनी बाबांना विचारलं.

"माझं काय विचारतोस? बेबीने सांगितलं ना." बाबांनी बत्तीशीच्या पाठीवर हात ठेवला. "बस रे. जेवूनच जा."

जेवण अर्थातच थंड झालं होतं. कोणालाच कळलं नाही.

पण दोन कपाटांतल्या त्या दोन मोकळ्या जागा? त्यावर बत्तीशीनेच तोड काढली. आत्याच्या मिनतवाऱ्या करून तिचा जावई आठवडाभर लॅबमध्ये नेला, साचा घेतला आणि दोन बिगुलवाले बनवले. हुबेहूब. वाकलेला बिगुल, फुगलेले गाल, खालचा चावासुद्धा. फक्त लॅबमध्ये साहित्य होतं ते कवळीच्या हिरड्यांचं. त्यामुळे दोन्ही बिगुलवाले डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी निघाले. मळकट हिरव्या फौजेच्या मधोमध असे उठून दिसायचे की काय सांगू! दोघा भावांनी मात्र हूं का चूं केलं नाही. दोघांना मिळाला होता, बस.

लग्नानंतर एकदा बाबांकडे एक जाणकार गृहस्थ आले. त्यांचाही हाच नाद, आणि गाठीला असा अभ्यास की सैनिकाचा नुसता बूट बघून सांगायचे कुठला ते. कपाटासमोर ते थबकले.

"हा गुलाबी? हा मी कधीच पाहिला नाही."

"दुर्मिळ आहे," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "वर दादाकडे आणखी एक आहे."

गृहस्थांनी तो मागवला. दोन्ही शेजारी ठेवले. वास घेतला, टिचकी मारली, पाण्याच्या पेल्यात सोडले तर दोन्ही तळाला गेले. "म्हणजे साधं प्लास्टिक नाही. फार भारी माल आहे." बत्तीशी चहा घेऊन आला होता, तो ट्रे धरून तिथेच उभा राहिला. चिमणीने त्याला मागून कोपराने ढोसलं, हसू नकोस म्हणून. गृहस्थांनी दोन्ही उलटे केले, भिंग लावलं आणि ते ओरडलेच.

"दातांचे ठसे! दोन्हींवर अगदी सारखे, एका जागी. म्हणजे चुकून चावलेलं नाही हे. ही कंपनीची खूण आहे!" त्यांनी भिंग पुसून परत लावलं. "नाव नाही, आकडा नाही, नुसते दात. असं आता कोण करतं? ही कंपनी फार म्हणजे फारच जुनी असणार."

सोफ्यावर बसलेल्या आत्याचा उजवा पाय जमिनीवर आपटला.

"जुनी कोणाला म्हणतोस रे?"